मुलीच्या आईला भाऊ नव्हता

माझा धंदा बंद पडलेल्या हॉटेलांचा. कुणाचं हॉटेल बुडालं की तो मला फोन करतो. मी जाऊन त्याच्या भट्ट्या, तंदूर, डोशाचे तवे, स्टीलची टेबलं, डीप फ्रीझर उचलून आणतो आणि ज्याला नवं हॉटेल काढायची हौस आली आहे त्याला विकतो. काशीमीऱ्याला हायवेपासून थोडं आत माझं गोदाम आहे. एकाच दिवशी बुडणाऱ्याशीही भाव करायचा आणि हौशीने उतरणाऱ्याशीही, म्हणजे माणूस ओळखता यावा लागतो. ज्याला वस्तू हवी असते तो तिला नावं ठेवतो. दार नीट लागत नाही म्हणतो, रंग गेलाय म्हणतो. ज्याला नको असते तो कौतुक करतो आणि निघून जातो.

त्या दिवशी आलेला माणूस दोन्ही करत नव्हता. पन्नाशी उलटलेला, पांढरा शर्ट, गळ्यात जाड सोनसाखळी. डीप फ्रीझर बघायचा म्हणाला. मी झाकण उघडून दाखवलं, तर तो आत बघेचना. माझ्याकडे बघत होता. माझी दाढी, माझे हात, माझा आवाज. मी मुद्दामच भाव वाढवून सांगितला. तो "ठीक हाय" म्हणाला. अशा भावाला ठीक आहे म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

"साहेब, फ्रीझर राहू दे," मी म्हटलं. "काय बघायला आलात ते सांगा."

तो जरा चपापला, मग सरळ मुद्द्यावर आला. माझ्या भाचीचं ज्या मुलाशी लग्न ठरत होतं, त्या मुलाचा हा मामा. भाईंदरची जुनी घरं ही, एके काळी मिठागरं आणि भातशेती, आता भाड्याचे गाळे आणि टेम्पो. पोरगा-पोरगी एकाच कंपनीत कामाला, दोघांनी आपलं आपण जमवलेलं. पण त्यांच्याकडे कुठलीही सोयरीक मामाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तपासायला म्हणून त्याने आमच्या रत्नागिरीकडच्या गावात माणूस पाठवला होता.

"गावात सगळे म्हनतात, पोरीच्या आईला भाऊच न्हाय. दोघी बहिनी. मग तुम्ही कोन?" तो म्हणाला. "पोरीचा बाप सांगतो, मामाचा काशीमीऱ्याला धंदा हाय. भाड्यानं आनलाय का मामा? मंडपात मान घ्यायला?"

मला त्याचा राग यायला हवा होता. एरवी मला वाहनाचा हॉर्न वाजला तरी राग येतो. पण हसूच आलं. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर नाही नाही ते आळ घेतले. भाड्याचा मामा हा आळ मात्र नवीन होता.

"भाड्याचा नाही," मी म्हटलं. "गावाने खरंच सांगितलं, दोघी बहिणी होत्या. त्यातली धाकटी मी. पूर्वी पोरीची मावशी होतो, आता मामा आहे."

तो मागे सरकला आणि एका पालथ्या टोपावर बसला. मी पोऱ्याकडून चहा मागवला. चहा त्याने घेतला, हे मी लक्षात ठेवलं. उठताना तो एवढंच म्हणाला, "म्हंजे तुमच्या रक्तात हाय हे. डॉक्टरचं लिहून आना, पुढच्या पिढीत येनार न्हाय म्हनून. मग बघू."

रक्त हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता.

लहानपणापासून मला मी मुलगा आहे हे ठाऊक होतं, जसं माणसाला आपला उजवा हात कुठला ते ठाऊक असतं. विशी ओलांडल्यावर मी ते घरात सांगितलं. वडिलांनी मला मारलं नाही. ते आईकडे वळले आणि म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुझ्या माहेरचं रक्त. आत्याला आणखी पुढचं आठवलं. मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि आईने म्हणे विळी हातात धरली होती. आई शपथेवर सांगायची की त्या दिवशी ती भिंतीला टेकून नुसती बसून होती, पाणीही प्यायली नव्हती. कुणी ऐकलं नाही. वडिलांनी मला दार दाखवलं. मी एका पिशवीनिशी घर सोडलं, काशीमीऱ्याच्या एका गॅरेजच्या माळ्यावर झोपलो, हॉटेलांची भांडी उचलायची हमाली केली आणि त्यातूनच धंदा शिकलो. मी सुटलो. आई मात्र त्याच घरात राहिली, तो ठपका घेऊन, शेवटपर्यंत. वडिलांवरचा आणि आत्यावरचा माझा राग अजून जसाच्या तसा आहे. लोक सांगतात, सोडून दे. मी गोदामातली मोडकी खुर्चीसुद्धा फुकट सोडत नाही, राग कशाला सोडू?

मला परत नात्यात आणलं ते भाचीने. ताई मला चोरून भेटायला यायची, तिचं बोट धरून ही पोर यायची. तेव्हा ती शाळेत जायला नुकती लागली होती. औषधं सुरू झाल्यावर माझा आवाज बदलला, दाढी फुटू लागली तेव्हा ताईने तिला समजवायचा प्रयत्न केला. बिचारी ताई फार अडखळत होती. पोरीने मध्येच तोडलं.

"म्हणजे मावशी नाही म्हणायचं?"

"नाही."

"मग मामा म्हणते. वर्गात सगळ्यांना मामा आहे. मलाच नव्हता."

तेवढ्यावर तिने प्रकरण मिटवलं. पुढे माझी कागदपत्रं बदलायला मला जितकी वर्षं लागली, त्यातला एकही दिवस तिने मला चुकून दुसरं काही म्हटलं नाही.

म्हणून तिच्या लग्नात मुलीचा मामा म्हणून उभं राहायचं, ही माझी हौस नव्हती. तो माझा हक्क होता. मामाने मुलीला हाताला धरून मंडपात आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. त्याआधी दोन्हीकडच्या मामांची सगळ्यांसमोर गळाभेट. यातलं काहीही सोडायची माझी तयारी नव्हती. आणि ते धरून ठेवण्यात पोरीचं लग्न मोडलं, तर ताई मला जन्मभर काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही, हेही मला कळत होतं.

भाचीला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "चल डॉक्टरकडे. आपल्यालाही कळू दे."

मुंबईतल्या एका मोठ्या दवाखान्यात अनुवंशशास्त्राच्या डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे आम्ही गेलो. बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. समोर चहा निवत ठेवलेला. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली.

"मॅडम, एवढंच लिहून द्या की हे रक्तात नसतं."

"तसं लिहिता येणार नाही."

"मग असतं असं लिहा."

"तेही नाही."

"असा माल मी पहिल्यांदाच बघतोय," मी म्हटलं. "ज्याचा भाव दुकानदारालाच माहीत नाही."

भाचीने टेबलाखालून मला पाय मारला. डॉक्टरबाई मात्र हसल्या आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी नीट समजावलं. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं असतात, त्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात. त्यातलं एक ट्रान्सजेंडर असलं, तर दुसरंही तसं असण्याची शक्यता वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा जास्त दिसते. म्हणजे जनुकांचा काहीतरी वाटा असावा. पण पुष्कळदा त्या जोडीतलं दुसरं तसं नसतंच, म्हणजे सगळा खेळ जनुकांचा नाही. शरीरातल्या हार्मोन्सशी संबंध असलेल्या काही जनुकांवर संशोधकांनी बोट ठेवलं, पण एका ठिकाणी दिसलेलं दुसऱ्या ठिकाणी तसंच दिसलं नाही. गर्भात असताना मेंदू कसा घडतो, त्याचाही भाग असू शकतो. "उंचीसारखं समजा," त्या म्हणाल्या. "उंचीचं एकच असं जनुक नसतं. खूप सारी, प्रत्येकाचा वाटा इवलासा, आणि वर बाकीच्या गोष्टी. हे तर उंचीपेक्षाही कमी कळलंय आम्हाला. यासाठी कुठलीही रक्ततपासणी नाही. तुमच्या भाचीच्या मुलांचं आज कुणीही काही सांगू शकत नाही. आणि ज्यावर तपासणी मागताय तो आजार नाही, हेही त्यांना सांगा."

"जे काही आलं, ते आईकडून की वडिलांकडून?"

"तुमच्यातलं निम्मं वडिलांचं, निम्मं आईचं. त्यातून हा एक धागा ओढून कुणाचा ते सांगता येत नाही."

"आणि ग्रहणात विळी धरली म्हणून?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. इथे त्यांनी असेल, नसेल, शक्यता, काही लावलं नाही.

"हे तरी लिहून द्याल?"

"हे तोंडीच घ्या. पक्कं आहे."

बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. आईसाठी एवढा एक शब्द मिळवायला इतकी वर्षं लागली होती. भाची शेजारी बसली. म्हणाली, "मामा, मुलाकडच्यांशी बैठकीत भांडू नको."

"मग काय करू?"

"विक. तुला येतं ते कर."

बैठक ताईच्या घरी ठरली, बेव्हर्ली पार्कला. सकाळपासून भावोजी माझ्या मागे लागले होते. माणूस वाईट नाही, बँकेत नोकरी केलेला, त्यामुळे सगळं आवाज न होता व्हावं अशी इच्छा. "एवढंच म्हण की डॉक्टर म्हणाले रक्तात नसतं. कोण विचारायला जाणार आहे?"

"भावोजी, जुना कंप्रेसर मी नवा म्हणून कधी विकला नाही," मी म्हटलं. "विकला असता तर दुसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक गोदामात येऊन बसलं असतं. ही तर सोयरीक आहे. हे गिऱ्हाईक जन्मभर येणार."

ते आले. मुलगा, त्याची आई, वडील आणि तो मामा. वडील पूर्णवेळ सरबताचा ग्लास धरून बसले, बोलायचं काम मेहुण्याला दिल्यासारखे. पोहे झाले, हवापाणी झालं. मग मामाने घसा साफ केला.

"डॉक्टरचं आनलं?"

"नाही दिलं. देता येत नाही म्हणाल्या." मग मी त्यांना जुळ्यांपासून उंचीपर्यंत सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. एकही गोष्ट गाळली नाही. भावोजींनी डोळे मिटून घेतले.

"म्हंजे थोडं तरी रक्तात हाय," मामा म्हणाला.

"असेल."

"तुमच्या रक्तात."

"इवलेइवले धागे असतात म्हणाल्या, माणसामाणसात पसरलेले. तुमच्या रक्तात नसतील असं कोण लिहून देईल? तुमचं आणलंय का लिहून?"

ताईने पदर तोंडाला लावला. हसली की घाबरली ते कळलं नाही. मामा लाल झाला, पण सावरला आणि भाव करायला लागला. त्यालाही तोडपाणी येत होतं, हे मान्य करायला पाहिजे. म्हणाला, गावाकडून चुलतमामा आणा, तो पोरीला घेऊन येईल, गळाभेटही त्याच्याशी. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. शाल, श्रीफळ, टोपी, सगळा मान देऊ. लोकांच्या तोंडी विषय नको एवढंच.

एरवी अशा वेळी मी टेबल उलटं केलं असतं, आणि घरातली सगळी माणसं ते उलटायची वाट बघत बसली होती. मी भाचीकडे बघितलं. ती पोह्यांच्या बशा गोळा करत होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

मी मुलाच्या आईकडे वळलो. ती आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. धंद्यात मी हे शिकलोय की पुढे बोलतो तो घेणारा नसतो. घेणारा मागे उभा राहून झाकणाकडे बघत असतो.

"विहीणबाई, मामा भाव करतायत. भीती तुम्हाला आहे. कशाची ते तुम्ही सांगा."

ती मुलाकडे बघत म्हणाली, "नातवंड झालं. आनि ते असं निघालं. मग काय करायचं आमी?"

"बरं. निघालं असं धरून चालू," मी म्हटलं. "मामाच्या वळणावर गेलं. आईच्या मामाच्या. काय होईल सांगतो. ते लहानपणीच सांगेल की मी हा नाही, मी हा आहे. मला घरातून काढलं, म्हणून मी माळ्यावर झोपलो, दुसऱ्यांची भांडी उचलली, माझी मधली वर्षं गेली. ती वर्षं मी असा आहे म्हणून गेली नाहीत. काढलं म्हणून गेली. तुमच्या नातवंडाला ते करावं लागणार नाही, कारण त्याला विचारायला एक माणूस घरात असेल. आणि माझ्या वळणावरच जाणार असेल, तर काशीमीऱ्याला गोदाम टाकेल, स्वतःच्या पायावर उभं राहील, आणि असल्या बैठकीत कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. एवढीच भीती आहे ना? याला तुम्ही दोष धरून भाव पाडताय. माझ्या मालात खोट नाही, मी भाव पाडणार नाही."

मुलाच्या वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बोलनं मात्र मामासारखंच हाय," ते मेहुण्याकडे बघून म्हणाले. मुलगा हसला. त्याच्या मामाने सुरुवात केली, "ते ठीक हाय, पन आमच्यात समाजामध्ये..."

"दादा, गप बस आता," मुलाची आई म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमच्या आईनं काय केलं तेव्हा?"

"तिला विचारलंच नाही कुणी."

तिने मान हलवली. "मला विचारतायत ना. मी सांगते. पोरीचा मामा तुम्हीच."

आता कुणी दुसरा असता तर हात जोडून गप्प बसला असता. पण सौदा झाला की तिथल्या तिथे टोकन घ्यावं, नाहीतर रात्रीतून गिऱ्हाईक फिरतं.

"आणि गळाभेट?" मी त्या मामाकडे बघितलं.

"नारळ देतो ना हातात."

"नारळही आणि भेटही."

"हात मिळवू."

मी काहीच बोललो नाही. भाव अडला की मी बोलत नाही. त्याची बहीण त्याच्याकडे बघत होती, भाचा बघत होता, मी खिडकीतून खालच्या रिक्षा बघत होतो. सरबत संपलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "फेटे कुठल्या रंगाचे घेताय? आमचा एक आनि तुमचा एक नको. भेटीच्या फोटोत बरं दिसत न्हाय."

"तुम्ही सांगाल तो," मी म्हटलं. तेवढी सूट मी दिली.

लग्न भाईंदरच्या हॉलमध्ये झालं. त्यांच्याकडची माणसं अर्धं गाव भरेल एवढी. आमच्याकडून वडील आले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. आत्या आली आणि जेवणाच्या पंगतीजवळची खुर्ची धरून बसली. मी तिच्याशी बोललो नाही. ती बोलायला आली असती तर तिला डॉक्टरबाईंचं पक्कं उत्तर ऐकवायची तयारी होती, पण ती आली नाही.

भेटीच्या वेळी दोघांचे फेटे डाळिंबी. आधी व्याही भेटले. मग कुणीतरी ओरडलं, मामा, मामा या. तो पुढे आला, मी पुढे गेलो. सगळ्या हॉलला माहीत होतं. अशा गोष्टी लग्नाच्या पत्रिकेआधी घरोघरी पोचतात. त्याने नारळ दिला, मी दिला, आणि त्याने मला मिठी मारली, विजेच्या खांबाला मारावी तशी. मी सुटायला गेलो, तर त्याने सोडलं नाही.

"थांबा," तो कानात म्हणाला. "फोटो निघू दे. लगेच सोडलं तर लोक म्हनतील मनापासून दिली न्हाय."

"तुम्ही धंद्यात यायला हवं होतं," मी म्हटलं.

फोटोवाल्याने आणखी एक घेतला.

थोड्या वेळाने गुरुजींनी माइकवर आवाज दिला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी दुसऱ्यांच्या लग्नांत ही हाक पुष्कळदा ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी त्या उठणाऱ्या माणसाकडे बघत बसलो होतो. आता बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. कुणी कुजबुजलं असेल. मी खोलीचं दार उघडलं. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून भाची उभी होती. ताई तिच्या पदराच्या पिना लावता लावता रडत होती.

"चल," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून निघालो.

"मामा, सावकाश. शर्यत नाहीये."

मी पावलं आवरली. आम्ही सगळ्या खुर्च्यांच्या मधून गेलो, सगळ्यांना नीट बघता येईल एवढ्या सावकाश. मंडपात ती अंतरपाटासमोर उभी राहिली, मी तिच्या पाठीशी. पलीकडे डाळिंबी फेटा मुलाच्या मागे. मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांच्याकडच्या दोन आत्यांना आणि एका काकांनाही म्हणायची होती, त्यामुळे ती लांबत गेली. मागच्या रांगेत अक्षता संपल्या, पोरं कंटाळली, कुणीतरी जेवण गार होतंय म्हणून कुरकुरलं. गुरुजींनी आणखी कुणी आहे का म्हणून विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत मीच म्हणालो, असेल तर म्हणू द्या, आम्हाला घाई नाही.